उंदरांची नोंद आणि आईच्या गोळ्या

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (मानसशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने औषधांविषयी लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. ‘हा प्रांत विज्ञान शाखेचा. तू आपली एखादी कविता दे,’ असे माझ्या एका वर्गमित्राने मला सुचवलेही. त्याचे म्हणणे एका परीने खरे आहे. औषधशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण वेदना ही काही विज्ञान शाखेची मिरासदारी नव्हे. ती आमच्या घरी रोज पहाटे पाच वाजता उठते, चुलीवर पाणी ठेवते आणि कामाला निघण्यापूर्वी एक गोळी घेते. त्या गोळीनेच मला या विषयाकडे ओढून आणले.

माझी आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. पावसाळ्यात निंदणी-खुरपणी, थंडीत कांद्याची लागण, उन्हाळ्यात कांदा काढणी असे तिचे वर्ष असते. कांद्याची लागण ज्यांनी केली नाही त्यांना सांगते, हे काम उभ्याने होत नाही आणि बसूनही होत नाही. वाफ्यात दिवसभर कंबरेत वाकून एकेक रोप चिखलात खोचावे लागते. बायकांची टोळी हे काम उक्ते घेते. त्यामुळे एखादी मागे पडली तर तोटा सगळ्यांचा होतो, आणि मागे पडायचे नाही म्हणून गोळी घ्यायची. दुपारी बांधावर भाकरीची फडकी सुटतात तेव्हा त्यांतून गोळ्यांची पाकिटेही निघतात. ‘तुझी पांढरी दे, माझी पिवळी घे,’ असा व्यवहार चालतो. तीन वर्षांपूर्वी आई अर्धी गोळी घेत असे. मग एक झाली, मग सकाळ-संध्याकाळ झाली. गेल्या हिवाळ्यात ती दोन रंगांच्या दोन गोळ्या एकदम घेऊ लागली. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘आता एकीनं भागत न्हाई गं.’ आमटीत मीठ कमी पडले हे सांगावे तितक्या सहजपणे ती हे म्हणाली.

याच सुमारास वर्गात ‘शिकणे’ या प्रकरणात पावलॉव्हचा कुत्रा आला. घंटा आणि अन्न पुन्हा पुन्हा एकत्र आले की नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. मॅडम मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील शेपर्ड सिगेल यांनी वेदनाशामक औषधाचा प्रभाव ओसरण्यामागेही असेच शिकणे असते हे १९७५ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, असे त्यांनी सांगितले. औषधाचा प्रभाव असा ओसरत जाण्याला इंग्रजीत ‘टॉलरन्स’ म्हणतात. मी ग्रंथालयात जाऊन शब्दकोश उघडला. मराठी प्रतिशब्द होता ‘सहनशीलता’.

मित्रहो, हा शब्द वाचून मी तशीच बसून राहिले. आमच्या घरी, भावकीत, लग्नाच्या मांडवात हा शब्द मी आईच्या कौतुकासाठी कितीदा तरी ऐकला आहे. ‘बाई मोठी सहनशील!’ आणि औषधशास्त्रात तोच शब्द एक धोक्याची सूचना म्हणून वावरतो! एक शब्द अंगणात गुण ठरतो आणि प्रयोगशाळेत अडचण ठरतो, याचे मला मोठे नवल वाटले. मग मी महाविद्यालयाच्या संगणकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन, जे गोषवारे सापडतील ते वाचत गेले. त्या वाचनातून माझे जे मत बनले, आणि मध्येच ते कसे चुकले, ते या लेखात सांगायचे आहे.

प्रथम ही सहनशीलता म्हणजे काय ते पाहू. अफूच्या चिकातून मॉर्फिन वेगळे काढण्याचे श्रेय जर्मन औषधनिर्माता झेर्ट्युर्नर याच्याकडे जाते. ही एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची गोष्ट. मॉर्फिनइतके प्रभावी वेदनाशामक त्याआधी मिळालेले नव्हते. मेंदूत आणि मज्जारज्जूत या द्रव्यासाठी जणू राखून ठेवलेल्या जागा असतात आणि तेथे ते जाऊन बसते, हे १९७३ साली प्रयोगाने सिद्ध झाले. पण शरीर काही स्वस्थ बसत नाही. रोज तीच मात्रा येऊ लागली की ते आपली व्यवस्था बदलते. त्या जागा पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत आणि वेदनेच्या बाजूच्या यंत्रणा अधिक जोर धरतात. परिणामी काल ज्या मात्रेने भागत होते तिने आज भागत नाही. मात्रा वाढवावी तर बद्धकोष्ठता आणि गुंगी वाढते, आणि फारच वाढवली तर श्वास मंदावतो. या कोंडीतून सुटण्यासाठी संशोधकांना एक वाट सुचली. एकाच औषधाची मात्रा वाढवण्याऐवजी त्याला दुसऱ्या औषधाची जोड द्यावी.

ही जोड माणसाला देण्यापूर्वी जनावरांत तपासली जाते. पण उंदीर बोलत नाही, मग त्याला किती दुखते हे कसे कळायचे? यासाठी काही ठराविक पद्धती आहेत. १९४१ पासून चालत आलेल्या एका पद्धतीत उंदराच्या शेपटीवर उष्ण किरण सोडतात आणि तो शेपटी किती सेकंदांत झटकतो ते मोजतात. १९४४ पासूनच्या दुसऱ्या पद्धतीत त्याला तापवलेल्या तबकडीवर ठेवतात, आणि पंजा चाटला वा उडी मारली की उचलून घेतात. औषध लागू पडले असेल तर तो उशिरा चाटतो. तरीही ठराविक सेकंद उलटले की त्याला काढून घेतलेच जाते, नाहीतर भाजेल. मेक्सिकोतील संशोधकांची पद्धत मला सर्वांत जवळची वाटली. उंदराच्या मागच्या एका पायाच्या गुडघ्यात यूरिक ॲसिड टोचून तेथे संधिवातासारखी सूज आणतात. मग त्याला फिरत्या नळकांड्यावर चालायला लावतात. दुखरा पाय तो टेकवत नाही, तीन पायांवर लंगडतो. औषधाने दुखणे थांबले की पाय पुन्हा टेकू लागतो. दुखरा पाय नळकांड्याला किती वेळ टेकला याची विजेच्या यंत्राने नोंद होते. हे वाचताना मला संध्याकाळी पाणंदीने येणारी आई दिसली. तीही डावा पाय पुरता टेकवत नाही. तिच्या पावलांची नोंद मात्र कोणते यंत्र ठेवते?

याच पद्धतीने २००२ साली प्रसिद्ध झालेला मेक्सिकोतील एक प्रयोग आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. त्यात मॉर्फिनबरोबर मेटामिझोल दिले होते. हे औषध आपल्याकडच्या जुन्या पिढीला ॲनाल्जिन या नावाने ठाऊक आहे. उंदरांना बारा दिवस, दिवसातून एकदा औषध दिले आणि तेराव्या दिवशी मोजमाप घेतले. नुसत्या मॉर्फिनचा प्रभाव पहिल्या मात्रेच्या निम्म्याहूनही खाली आला होता. प्रयोगातील एककांत ३९ वरून तो १८ वर घसरला. दोन्ही औषधे एकत्र मिळालेल्या उंदरांत मात्र पहिल्या मात्रेचा आकडा २९८ होता आणि बारा दिवसांनंतरचा २८०. म्हणजे जोडीचा प्रभाव मुळात कितीतरी मोठा होता आणि तो जवळजवळ टिकूनही राहिला. शिवाय मॉर्फिनमुळे होणारी बद्धकोष्ठता जोडीमुळे वाढली नाही.

हे वाचून माझी जी अवस्था झाली तिला आनंद म्हणावे की अहंकार, हे आज मला सांगता येत नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. आईचे कोडे मी पुस्तकातून सोडवले असे मला वाटले. त्या शनिवारी घरी गेले आणि चुलीपुढे बसून आईला ऐकवले, ‘आई, तुला सहनशीलता आली आहे. म्हणून एका गोळीने भागत नाही. आणि तू दोन गोळ्या एकत्र घेतेस ते शास्त्राला धरूनच आहे!’ आई हसली. ‘मंग बरंच झालं की,’ म्हणाली, आणि तिने दुसऱ्या दिवसाच्या दोन गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या.

सोमवारी मी ही हकीकत मॅडमना मोठ्या फुशारकीने सांगितली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘कशावरून?’ आणि मग एकामागून एक: ‘तुझी आई मॉर्फिन घेते का? ती कोणत्या दोन गोळ्या घेते? त्यांत काय आहे? दुखणे पूर्वीइतकेच आहे आणि गोळी कमी पडते, की दुखणेच वाढले आहे?’ यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. उंदराला किती मिलिग्रॅम दिले ते मी पाठ केले होते. आई काय खाते ते मी पाकीट उलटून पाहिलेही नव्हते.

मॅडमनी मला सिगेल यांचे काम पुन्हा, नीट वाचायला सांगितले. १९७५ च्या त्या प्रयोगांत उंदरांना मॉर्फिन वारंवार दिले होते आणि तापलेल्या तबकडीवर तपासले होते. ज्या परिस्थितीत औषध मिळत आले त्याच परिस्थितीत तपासले तर सहनशीलता दिसे. अनोळखी परिस्थितीत तपासले तर तेच औषध जवळजवळ नव्याने दिल्यासारखे लागू पडे. म्हणजे शरीर औषधाबरोबर जागाही शिकते आणि औषध येणार हे ओळखून आधीच उलट तयारी करते. १९८२ साली सिगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉइनबाबत केलेला प्रयोग तर अंगावर काटा आणतो. फार मोठी मात्रा दिल्यावर, पूर्वी हेरॉइन न मिळालेले सुमारे ९६ टक्के उंदीर मेले. सवय झालेल्या उंदरांपैकी ओळखीच्या खोलीत सुमारे ३२ टक्के मेले, तर वेगळ्या खोलीत सुमारे ६४ टक्के. औषध तेच होते, मात्रा तीच होती आणि सवयही तीच होती. खोली तेवढी बदलली आणि मृत्यू दुपटीने वाढले!

आता विचार करा. या खोलीतून त्या खोलीत जाताना जर निष्कर्ष इतका पालटतो, तर प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातून आमच्या कांद्याच्या वाफ्यात येताना तो किती पालटेल? ही नुसती शंका नाही, याचे उदाहरणच घडलेले आहे. १९९१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील ट्रुहिलो आणि अकिल यांनी दाखवले की, मेंदूतील एका विशिष्ट ग्राहकाला अडवणारे द्रव्य मॉर्फिनबरोबर दिले तर उंदरांत सहनशीलता येणे रोखता येते. हाच ग्राहक काही प्रमाणात अडवणारे एक औषध आपल्या सर्वांच्या घरात कधी ना कधी येऊन गेलेले आहे. खोकल्याच्या बाटलीतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन! मॉर्फिन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन उंदरांना एकत्र दिले तेव्हाही निष्कर्ष आशादायक आले. त्यावरून दोन्ही औषधे समप्रमाणात असलेली ‘मॉर्फिडेक्स’ नावाची तयार जोडी माणसांसाठी बनवण्यात आली. दीर्घकाळ दुखणे असलेल्या रुग्णांवर तिच्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या. कोणाला काय दिले हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. त्यांचे निकाल २००५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. तिन्ही चाचण्यांत जोडी नुसत्या मॉर्फिनपेक्षा सरस ठरली नाही. वेदना अधिक शमली नाही आणि सहनशीलताही कमी झाली नाही.

तेव्हा उंदीर खोटे बोलले काय? मला तसे वाटत नाही. उंदरांना जो प्रश्न विचारला त्याचेच उत्तर त्यांनी दिले. बारा दिवसांत, त्या मात्रेत, त्या गुडघ्यात काय होते एवढेच ते सांगू शकतात. वर्षानुवर्षे वाकून काम करणाऱ्या बाईचे काय होईल, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मेक्सिकोच्या संशोधकांनीही आपल्या निष्कर्षात ही जोडी दीर्घ वेदनेवर उपयोगी ‘ठरू शकेल’ एवढेच म्हटले आहे. ते ‘ठरू शकेल’ मी वाचताना गाळले आणि आईला सांगताना त्याचे ‘शास्त्राला धरूनच आहे’ करून टाकले. चूक माझी होती.

यातून माझे जे मत बनले ते असे. वेदनाशामकांच्या जोडीचे प्रयोग प्रयोगशाळेत होतात असे आपण समजतो. वास्तविक सर्वांत मोठा प्रयोग आपल्या घरांत, बांधांवर आणि औषधांच्या दुकानांच्या फळीवर चालला आहे. फरक एवढाच की त्यात नोंदवही नाही. पांढऱ्या उंदराचे वजन घेतले जाते, मात्रा लिहिली जाते, वेळ लिहिली जाते, औषध न मिळालेला दुसरा गट शेजारी ठेवला जातो, आणि तबकडीवरून त्याला केव्हा उचलायचे हेही आधी ठरलेले असते. माझ्या आईच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट होत नाही. तिला तबकडीवरून केव्हा उचलायचे हे कोणी ठरवलेले नाही.

म्हणून मी एक शंभर पानी वही घेतली. उभ्या रेघा मारल्या: तारीख, काम, गोळी कोणती, किती वाजता, दुखणे किती. दुखण्यासाठी आईशी बोलून तिच्याच शब्दांत चार पायऱ्या ठरवल्या: ‘बरं हाये’, ‘ठणकतंय’, ‘वाकवत न्हाई’, ‘निजू देत न्हाई’. आईला लिहिता येत नाही. मी शनिवार-रविवार घरी असते, इतर दिवशी धाकटा भाऊ लिहितो. सुरुवातीला आईला हा पोरखेळ वाटला. ‘माझ्या दुखण्याचं काय ल्ह्यायचं?’ म्हणाली. पण आठवड्याने तीच भावाला आठवण करू लागली.

सहा आठवड्यांची वही मी एका रविवारी पुढे घेऊन बसले आणि माझा सिद्धान्त माझ्याच हाताने खोडावा लागला. मधल्या काळात अवकाळी पाऊस झाला आणि नऊ दिवस कोणालाच काम नव्हते. त्या नऊ दिवसांत आईने मिळून तीन गोळ्या घेतल्या होत्या आणि दुखणे बहुतेक दिवशी ‘बरं हाये’ होते. काम सुरू झाले त्या दिवशी दोनाच्या चार झाल्या. औषधाची सहनशीलता आली असती तर तीच गोळी सुट्टीतही कमी पडली असती, असे मला वाटते. एका बाईच्या सहा आठवड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी आता शिकले आहे. पण एवढे तरी दिसले की आईच्या शरीराला गोळीची सवय झाली, हे मी धरून चालले होते त्याला वहीत आधार नव्हता. वाढले होते ते काम. गेल्या हिवाळ्यापासून टोळीतल्या दोघी कमी झाल्या होत्या आणि उरलेल्या जणी तेवढेच वाफे लावत होत्या.

वही आणि दोन्ही पाकिटे घेऊन आम्ही तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पाकिटे उलटून पाहिली. एका गोळीत डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल होते, दुसरीत ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल तर दोन्हींत एकच, आणि डायक्लोफिनॅक व ॲसिक्लोफिनॅक ही एकाच कुळातली सख्खी भावंडे! हे कुळ शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाही. ॲस्पिरिन याच रीतीने काम करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि त्यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून या कुळातल्या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर वेदनेचा लाभ फारसा वाढत नाही, पोटाची आणि मूत्रपिंडाची हानी मात्र वाढते. डॉक्टर म्हणाले, ‘एकाच दाराला दोन कुलुपे लावून काय उपयोग?’ मेक्सिकोच्या उंदरांना दिलेली जोडी वेगवेगळ्या वाटांनी जाणारी होती, आईची जोडी एकाच वाटेची होती. तिची छातीतली जळजळ कशाची होती, हेही तेव्हा कळले. त्या जळजळीसाठी ती तिसरी गोळी घेत असे!

रक्त तपासले. क्रिएटिनिन किंचित वर निघाले. घाबरण्याइतके नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही, असे डॉक्टर म्हणाले. दोन्ही पाकिटे बंद झाली. आता गरज पडेल तेव्हा फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरवून दिलेल्या मात्रेत, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. निघताना त्यांनी वही परत देत विचारले, ‘ही कल्पना कोणाची?’ आईने माझ्याकडे बोट दाखवले. मी मनात म्हटले, उंदरांची.

येथे माझ्या वर्गमित्रांचे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, जनावरांच्या प्रयोगांतून माणसाचे खात्रीने काही कळत नसेल, तर त्या मुक्या जिवांना यातना कशाला द्यायच्या? हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. ज्याच्या गुडघ्यात ॲसिड टोचले तो उंदीर माझ्या आईसारखाच लंगडतो. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी यासाठी तीन कसोट्या मांडल्या. शक्य तेथे जनावराऐवजी दुसरा मार्ग वापरावा, जनावरांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि त्यांच्या यातना शक्य तितक्या कमी कराव्यात. माझी त्यांत एक भर आहे. जो प्रयोग झाला त्याचा निकाल पुरता वाचावा. यशाचा वाचला तर अपयशाचाही वाचावा. ‘उंदरांत’ हा एक शब्द गाळून बातमी सांगणे हा माणसावर अन्याय आहे, तसाच तो उंदरावरही आहे. त्याने जे सांगितले नाही ते आपण त्याच्या तोंडी घालतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. ‘सहनशीलता येते, सवय लागते, म्हणून मॉर्फिनच्या वाटेला जाऊच नये’ असे काही जण म्हणतील. हेही मला मान्य नाही. कर्करोगाच्या अखेरच्या वेदनेत मॉर्फिनला पर्याय शोधणे कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी शिडी सांगितली तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे, आणि गरजेप्रमाणे साध्या वेदनाशामकांची जोडही आहे. म्हणजे जोड ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या कडक कायद्यामुळे रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले, म्हणून २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. मरणाऱ्याला सवयीची भीती घालून तडफडत ठेवणे आणि राबणाऱ्याला रंगीत गोळ्या देऊन वाकवत ठेवणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच निर्दय वाटतात.

तयार जोड्यांबाबत शासन काहीच करत नाही असे नाही. योग्य आधार नसलेल्या ३२८ मिश्र औषधांवर केंद्र सरकारने २०१८ साली बंदी घातली, २०२४ साली आणखी १५६ मिश्रणांवर घातली. त्यांत वेदनाशामकांची मिश्रणेही होती. पण बांधावर ‘तुझी पांढरी, माझी पिवळी’ करून जे मिश्रण तयार होते त्यावर कोणते राजपत्र बंदी घालणार? ते काम घरात शिकलेल्या पहिल्या माणसाचे आहे. आणि आपल्या महाविद्यालयात असे ‘पहिले’ पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईच्या, आजीच्या, वडिलांच्या गोळ्यांची पाकिटे उलटून पाहा. बारीक अक्षरांतली नावे एका कागदावर लिहा. दोन पाकिटांत एकच नाव आहे का ते बघा, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. स्वतः डॉक्टर होऊ नका, ती चूक मी करून चुकले आहे. आणि घरातल्या कोणाला ‘मोठी सहनशील’ म्हणण्याआधी, तिला काय आणि किती सोसावे लागते ते एकदा विचारा.

गोळ्या बंद झाल्या म्हणून आईचे दुखणे थांबलेले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. वाफे तेवढेच आहेत. फक्त टोळीतल्या बायकांनी वही पाहिल्यापासून लागणीचे उक्ते ठरवताना माणसे मोजून घ्यायला सुरुवात केली आहे. दोघी कमी असतील तर वाफेही कमी घ्यायचे, असे ठरले. मजुरी थोडी बुडते. काही जणी कुरकुर करतात. हे किती दिवस टिकेल ते वहीत दिसेलच. कालच्या पानावर भावाच्या अक्षरात ‘ठणकतंय’ असे आहे आणि गोळीच्या रकान्यात शून्य आहे. आजची ओळ अजून रिकामी आहे. आई कामावरून परतली की तो लिहील.